‘ब्रँडचं नाव काढलंय सर, आता तरी घ्या’

आज सकाळी चहा व्हायच्या आत फोन. एका टेक्निकल सेमिनारला येणारे पेपर वाचून शेरे मारायचं काम माझ्या गळ्यात आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. फुकटचं काम, चहासुद्धा घरचा. मागे एक पेपर मी ‘ही जाहिरात आहे’ एवढंच लिहून परत पाठवला होता. त्या कंपनीच्या मार्केटिंगवाल्याचा फोन. माझा नंबर त्याला कुणी दिला ते मी विचारलं नाही, नाहीतर अजून एका माणसाशी भांडण झालं असतं. म्हणाला, “सर, सगळीकडून ब्रँडचं नाव काढलंय. आता तरी घ्या.”

उघडून पाहिलं. खरंच काढलंय. जिथे जिथे नाव होतं तिथे तिथे आता ‘एक अत्याधुनिक इंटेलिजंट सोल्यूशन’ बसलंय. पहिली दोन पानं जग किती झपाट्याने बदलतंय यावर. मग एक आलेख, त्याच्या उभ्या अक्षावर आकडेच नाहीत, नुसती हिरवी रेघ वर वर चाललेली. आणि शेवटी ‘४०% पर्यंत वीजबचत’. अहो, शून्य टक्केसुद्धा ४० टक्क्यांपर्यंतच असतं! कुठल्या प्लांटमध्ये, किती लोडवर, कुठल्या मीटरने मोजली, आधीच्या महिन्यात आणि नंतरच्या महिन्यात उत्पादन सारखं होतं का, काही नाही. स्थळाच्या बायोडाटासारखं सगळं. मुलगा निर्व्यसनी, मनमिळाऊ, स्वतःचा फ्लॅट.

असलं काही वाचलं की मला भोसरीचा तो सेल्स इंजिनिअर आठवतो. जुन्या मित्रांनी ही गोष्ट माझ्याकडून पूर्वीही ऐकली असेल. परत ऐका.

मी तेव्हा वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात युटिलिटी, म्हणजे मशीनना लागणारी हवा-पाणी-वीज, बघायचो. दाबाची हवा पुरत नाही म्हणून लाइनवरून रोज शिव्या. आम्ही ही हवा दाबून देणाऱ्या अजून एका कॉम्प्रेसरचं कोटेशन मागवलं. हा पोरगा आला, कोटेशन बॅगेतून काढलंच नाही. म्हणाला, “साहेब, रविवारी प्लांट बंद असताना येऊ का?” आला. एकही मशीन चालू नाही, म्हणजे हवा कुणालाच नको. कॉम्प्रेसर चालू केला आणि घड्याळ घेऊन बसला. दीड मिनिट लोड (हवा भरतोय), साडेतीन मिनिटं अनलोड (नुसता रिकामा फिरतोय), परत दीड मिनिट लोड. म्हणजे ५ मिनिटांतली दीड मिनिटं मशीन नुसती गळती भरून काढतंय. कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३०% हवा भोकांतून बाहेर! मग संध्याकाळपर्यंत साबणाचं पाणी घेऊन माझ्या फिटरबरोबर गळती शोधत शेडभर हिंडला.

त्या दिवशी त्याने स्वतःची विक्री घालवली. गळती बंद केल्यावर नवीन कॉम्प्रेसरची गरजच उरली नाही.

पुढे त्याने त्यावर पेपर लिहिला. सहा पानांचा. त्याच्या कंपनीचं नाव फक्त लेखकाच्या नावाखाली, बारीक अक्षरांत. आमचं नावच नाही, ‘पश्चिम भारतातला एक मध्यम कारखाना’ एवढंच. आत मोजायची रीत, घड्याळाची रीडिंग्ज, गळती कुठे कुठे सापडली त्याचा तक्ता. आणि मला आजही आवडतो तो भाग म्हणजे काय बिघडलं तो. हेडरचं, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपचं, प्रेशर दर चौरस सेंटीमीटरला ७ किलोवरून ६ वर आणलं. एक किलो उतरवलं की साधारण ६-७ टक्के वीज वाचते, हे युटिलिटीवाल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण तसं केल्यावर एका ड्रिलिंग एसपीएमच्या (एकाच कामासाठी बनवलेल्या मशीनच्या) जॉब धरणाऱ्या फिक्स्चरची पकड सुटायला लागली, जॉब हलला, रिजेक्शन झालं. ते त्याने लिहिलं! कारणही लिहिलं: त्या मशीनला जाणारी लाइन बारीक आणि लांबलचक होती, प्रेशर वाटेतच पडायचं. तिथे पाइप बदलला, मशीनजवळ छोटी टाकी बसवली. रिसीव्हरचा, म्हणजे हवेच्या टाकीचा, पाणी सोडायचा ड्रेन व्हॉल्व्ह आमचा ऑपरेटर मुद्दाम अर्धा उघडा ठेवायचा, कारण ऑटो ड्रेन अडकायचा आणि पाणी लाइनमध्ये जायचं, हेसुद्धा लिहिलं. ऑपरेटरला नावं न ठेवता.

कंपन्या आपल्या तांत्रिक कामावर जो ‘व्हाइट पेपर’ काढतात ना, इंडस्ट्रीसाठी तो म्हणजे हे, बाबांनो. नाव झाकलं की प्रचार जातो असं नाही. तुमची वस्तू कुठे चालत नाही ते लिहिलं की जातो. एसएई या वाहन इंजिनिअर्सच्या संस्थेसारख्या संस्था लेखकांना आधीच बजावतात की पेपरमध्ये धंद्याची जाहिरात नको. लोक त्याचा अर्थ घेतात लोगो काढा. बस्स.

आणि मला ‘विकणाऱ्याने असं लिहायचं तरी का?’ हे विचारू नका. विलिस कॅरिअर कोण होता? हवा थंड-कोरडी करायची यंत्रंच विकायचा की तो, बफेलो फोर्ज कंपनीत नोकरी करत. १९११ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या सभेत उभा राहिला आणि हवेतल्या दमटपणाची सगळी सूत्रं आलेखासकट मांडून मोकळा झाला. प्रतिस्पर्धीही तीच सूत्रं वापरणार हे त्याला कळत नव्हतं? स्वतःची कंपनी त्याने १९१५ मध्ये काढली. एसीचं डिझाइन करणारी आपली पोरं आजही सायक्रोमेट्रिक चार्ट, म्हणजे हवेच्या तापमान-दमटपणाचा आलेख, उघडूनच बसतात. बेअरिंगचं आयुष्य काढायचं गणितही एसकेएफ या बेअरिंग कंपनीच्या पामग्रेनने प्राध्यापक लुंडबर्गबरोबर १९४७ मध्ये असंच छापून टाकलं, आज ते सगळ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये आहे.

बरं, ठीक आहे. सेमिनारचा हॉल, जेवण, बॅगा हे सगळं स्टॉलवाल्यांच्या पैशावर चालतं, हे मला माहीत आहे. कंपनी पगार देते म्हणून इंजिनिअरला लिहायला वेळ मिळतो, हेही मान्य. आणि हो, पुढे आमची नवीन शेड झाली तेव्हा पर्चेसने त्या भोसरीवाल्या पोरालाच आधी बोलावलं. हे सांगणार नव्हतो, कारण आता कुणीतरी कमेंटमध्ये ‘बघा, शेवटी मार्केटिंगच’ म्हणणार. म्हणा.

त्या फोनवाल्याचा राग मात्र आता उतरलाय. त्याला टार्गेट असणार, वरून कुणीतरी ‘या तिमाहीत दोन व्हाइट पेपर पाहिजेत’ म्हटलं असणार. त्याने आयुष्यात कॉम्प्रेसर रूममध्ये पाऊल टाकलेलं नाही हा त्याचा दोष नाही. त्याच्याच कंपनीत एखादा सर्व्हिस इंजिनिअर असेल, ज्याच्या डायरीत खरी रीडिंग्ज पडून आहेत. त्याला कुणी विचारलंच नसेल.

खरा राग माझा आपल्या लोकांवर आहे. चाकण, वाळूज, बुटीबोरी, कोल्हापूरच्या फाउंड्र्या, साखर कारखान्यांचे बॉयलरवाले, तुम्ही का लिहीत नाही? वापरणारे तुम्ही, भोगणारे तुम्ही, मग पेपर फक्त विकणाऱ्यांचेच का येतात? विचारलं की उत्तर ठरलेलं: मॅनेजमेंट परवानगी देत नाही. ‘आपल्याकडे एवढी गळती होती हे कस्टमरला कळलं तर?’ आमच्याही प्लांट हेडने तेव्हा हेच विचारलं होतं. कारखान्याचं नाव गाळलं, पार्ट नंबर गाळले, रुपयांऐवजी युनिट आणि टक्के लिहिले, आणि त्यांनी सही केली. कस्टमर काही म्हणाला नाही. उलट शेजारच्या कारखान्यातले दोघे ती रविवारची चाचणी कशी करायची ते विचारायला आले होते, स्कूटरवरून, भर पावसात. तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज रात्री जे फोटो पडतात ना, फुटलेली ट्यूब, जळलेलं पॅनल, खाल्लेला इम्पेलर, त्यातल्या एकेकात एक पेपर आहे. पण तिथे दोन अंगठे मिळाले की संपलं.

तर ज्यांना लिहायचंय त्यांनी मला तीनशे शब्द पाठवा. काय बिघडलं, कसं मोजलं, काय करून पाहिलं आणि त्यातलं काय फसलं. पेपरच्या निवडीत तुमच्यासाठी शब्द टाकणार नाही, तुमचा पेपर माझ्याकडे आलाच तर दुसऱ्याला द्यायला सांगेन. पण लिहायला मदत करेन. मराठीत लिहा, इंग्रजी आपण बसून करू. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर एकक पाहिजे. आणि पहिलं वाक्य ‘आजच्या स्पर्धेच्या युगात’ असं असेल तर मी दुसरं वाचत नाही, आधीच सांगून ठेवतो.