भाडं, झाडू आणि दुपारचं कुलूप

ताई,

तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. पहिलं उत्तर त्याच रात्री लिहिलं होतं, पण ते रागात होतं, म्हणून पुसून टाकलं. मागच्या लेखात मी आमच्या केंद्राचं, म्हणजे वेगवेगळ्या गटांना बैठकांसाठी देतो त्या दोन खोल्या आणि एका गच्चीचं, जरा जास्तच कौतुक केलं होतं, हे आता वाचताना कळतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: चळवळीची जागा म्हणवता आणि घरकाम करणाऱ्या बायकांकडून 200 रुपये भाडं घेता, एखादा मोठा देणगीदार शोधायचा तुम्हाला आळस, आणि बैठक संपल्यावर तिथे झाडू कोण मारतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीत, ‘दुपारी दोन ते चार कुलूप का असतं?’

भाड्याचं मला पटत नाही. जागा एका जुन्या कार्यकर्त्याच्या कुटुंबाने वापरायला दिली आहे, पण लाइट बिल व्यावसायिक दराने येतं, मालमत्ता कर आहे, ट्रस्ट असल्यामुळे दरवर्षी ऑडिट करून धर्मादाय कार्यालयात हिशेब द्यावा लागतो. महिन्याला नऊएक हजार लागतात. पगार कुणालाच नाही. सुरुवातीला घरकामगार बायकांना आम्ही ‘तुम्ही काही देऊ नका’ असंच म्हणालो होतो. त्यांच्या कार्यकर्तीने पर्समधून दोन नोटा काढून टेबलावर ठेवल्या. ‘फुकट नको. पावती फाडा. उद्या आमच्या वेळेला दुसऱ्याला बसवलंत तर भांडता आलं पाहिजे.’ चारच महिन्यांनी आम्ही खरंच दोन गटांना एकच तारीख देऊन बसलो. बाई पावती घेऊन आल्या, आणि कवितावाचनाला गच्चीवर जावं लागलं, तेही डिसेंबरात.

पुण्यात ही रीत काही आम्ही काढलेली नाही. बाबा आढावांनी उभारलेली हमालांची संघटना, हमाल पंचायत, हमालांच्याच वर्गणीवर उभी राहिली. कष्टकऱ्यांना स्वस्तात जेवण देणारी त्यांची 1974 पासून चालणारी ‘कष्टाची भाकर’सुद्धा फुकट नसते, ना नफा ना तोटा अशी असते. मोलकरणींनी 1980 साली या शहरात काम बंद पाडलं, पगारवाढ आणि आजारपणाची रजा मागितली, त्यातून संघटना झाली. राज्यात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आला 2008 मध्ये. मधली 28 वर्षं देणगीदाराच्या भरवशावर निघाली असती, असं मला वाटत नाही.

आता देणगीदार. एका कंपनीचा माणूस येऊन गेला होता. मोठ्या कंपन्यांना कायद्याने सरासरी नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यातून रंग, पंखे, प्रोजेक्टर सगळं देतो म्हणाला. बदल्यात दारावर पाटी आणि दर तीन महिन्यांनी फोटोंसह अहवाल. पाटीचं एक वेळ सोडा. तो बोलत होता तेव्हा आतल्या खोलीत कंत्राटी सफाई कामगार बसले होते, युनियन करावी का यावर दबक्या आवाजात चर्चा चालली होती. अहवालात कुणाचे फोटो लावायचे? ठेकेदाराच्या हाती तो कागद पडायला किती वेळ लागतो? आम्ही चहा पाजून त्याला नमस्कार केला. याला तुम्ही आळस म्हणता, म्हणा.

झाडूचं मात्र खरं आहे. तुम्ही नेमकं काय पाहिलंत ठाऊक नाही, मला आठवतो तो प्रसंग सांगतो. घरकामगारांची बैठक संपली होती. मी आणि आणखी दोघं दाराशी उभे राहून एका निवेदनातल्या ‘मागणी’ आणि ‘विनंती’ या शब्दांवर वाद घालत होतो. एक मावशी पदर खोचून सतरंजी उचलून झाडायला लागल्या होत्या. मला ते दिसलं कधी, तर त्या म्हणाल्या, ‘दादा, पाय उचला.’ आणि मी उचलला! सकाळपासून चार घरं झाडून आलेली बाई तिच्या स्वतःच्या बैठकीनंतर माझ्या पायाखालचा कचरा काढत होती, आणि मी निवेदनाच्या भाषेवर बोलत होतो. त्यानंतर भिंतीवर पाळीचा कागद लागला: झाडू आणि कप केंद्राच्या स्वयंसेवकांकडे, त्यातही पुरुषांपासून सुरुवात. पाळी मोडते का? मोडते. गेल्या महिन्यात कप दोनदा सकाळपर्यंत बेसिनमध्ये पडून होते, त्यातली एक पाळी माझी होती.

पण खरी बोच तुमच्या शेवटच्या ओळीने लागली. परवा नोंदवही उलटून पाहिली. बहुतेक सगळ्या बैठका संध्याकाळी साडेसहानंतरच्या. कारण साधं आहे, किल्ली आमच्याकडे असते आणि आम्ही नोकरीवाले. घरकाम करणाऱ्या बाईची सकाळची कामं दीडपर्यंत उरकतात, चारला पुन्हा भांडी सुरू होतात. मोकळी असते ती त्या मधल्या दोन-अडीच तासांतच, आणि साडेसहाला तिच्या स्वतःच्या घरचा स्वयंपाक असतो. तरी त्या यायच्या, अर्ध्या बैठकीतून उठून जायच्या. ‘बायका शेवटपर्यंत थांबत नाहीत’ असं मी एका टिपणात लिहूनही ठेवलंय. भाड्याचा हिशेब आम्ही दर महिन्याला करतो, घड्याळाचा एकदाही केला नाही.

तर पुढच्या महिन्यापासून मंगळवार आणि शुक्रवार दुपारी दीड ते चार जागा उघडी राहील. शुक्रवार एका निवृत्त शिक्षिकेने घेतलाय. मंगळवारला अजून माणूस मिळालेला नाही. तोवर किल्ली खालच्या पिठाच्या गिरणीत ठेवतोय. गिरणीवाले काका दुपारी डुलकी काढतात, जरा जोरात हाक मारावी लागेल.