कान जुळले म्हणजे घोडी शुद्ध मारवाडी होत नाही

दत्तजयंतीचा सारंगखेड्याचा घोडेबाजार जवळ आला की मेसेज फिरायला लागतो: ‘अस्सल मारवाडी ओळखण्याच्या चार खुणा, कागदपत्रांची गरज नाही.’ यंदा तो माझ्या मामांनीच पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘घोडी याच हिशेबाने घेणार.’ म्हणून हे लिहितोय.

पहिली खूण, कानांची टोकं जुळली की जात शुद्ध. आत वळलेले कान हे मारवाडीचं लक्षण आहे, मान्य. पण काठियावाडी या दुसऱ्या जातीच्या घोड्याचे कान त्याहूनही जास्त वळलेले असतात. कानावरून आईबाप कळत नाहीत. मुळासकट उपटलेल्या आयाळीच्या केसांची डीएनए तपासणी करून ती आईबापांच्या डीएनएशी ताडली तर कळतात.

दुसरी खूण वाचून मात्र डोकंच फिरलं. ‘डोळ्याखाली भोवरा असलेली घोडी धन्याला खाते, फुकट मिळाली तरी घेऊ नका.’ अहो, भोवरा म्हणजे केसांचं वळण. शिंगरू आईच्या पोटात असतानाच ते ठरतं. त्याचा ना घोडीच्या पायांशी संबंध ना दमाशी, धन्याच्या आयुष्याशी तर नाहीच नाही. पण या एका ओळीपायी धडधाकट घोडी कवडीमोलाने जाते, आणि मानेवर देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, आहे म्हणून लंगडीलाही गिऱ्हाईक भेटतं. नोंदणीत भोवरे लिहितात हे खरं, पण शकुनासाठी नव्हे. ते जन्मभर बदलत नाहीत, म्हणून जनावराची ओळख पटवायला. मारवाडी घोड्यांची नोंदणी २००९ साली सुरू झाली. तिथे घोडा जातीच्या निकषांवर तपासतात, मापं आणि अंगावरच्या खुणा टिपतात, गोठवणाऱ्या शिक्क्याने क्रमांक उमटवतात, फोटो काढतात. भोवऱ्याचं काम तेवढंच.

तिसरी खूण, ‘नुकरा (म्हणजे पांढरा घोडा) सर्वांत शुद्ध’ म्हणे! पूजेअर्चेसाठी पैदास केलेल्या पांढऱ्या घोड्यांना तर मारवाडीच्या वंशनोंदीत सहसा घेतच नाहीत. आणि ‘जितका उंच तितका अस्सल’ हे उलटंच आहे. फार उंच दिसला तर थरोब्रेडचा, म्हणजे शर्यतीच्या विलायती घोड्याचा, संकर आहे का, हे आधी विचारावं.

मामा, घोडी कडक जमिनीवर सैल लगामाने चालवून, पळवून बघा. खूर उचलून बघा, दातांवरून वय काढा. आणि ग्लँडर्सचा अहवाल मागाच. तो रोग माणसालाही होतो, आणि घोडी बाधित निघाली तर तिला मारावंच लागतं. मेसेजमध्ये ज्या कागदांची गरज नाही म्हटलंय, त्यांतलाच हा एक कागद आहे.