मास्तरीणबाई नाइलाजाने घडल्या नाहीत

दर वर्षी 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. नऊवारीतल्या, फळ्यापुढे ओळीने बसलेल्या बायकांचा एक जुना फोटो आणि खाली मजकूर. तो थोडक्यात असा: ‘शंभर वर्षांपूर्वी ट्रेनिंग कॉलेजात जायच्या त्या निराधार विधवा. दुसरा काही आधार नव्हता म्हणून त्या मास्तरीण झाल्या. तिथे त्यांना शिवण-टिपण, स्वयंपाक आणि जोडीला थोडं लिहिणं-वाचणं शिकवत. या संस्था काढल्या, पैसा उभा केला, तो महर्षी कर्व्यांसारख्या थोर पुरुषांनी. आणि त्या बायका घर आणि शाळा दोन्ही हसतमुखाने सांभाळत, आजच्यासारखी कुरकुर नव्हती.’

यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. पाठवणाऱ्या चौघीही शिक्षिका आहेत, आणि चौघींनी तो आदरानेच पाठवला. मी स्वतः डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत उमेदवारी केलेली बाई. माझ्या पेशाच्या आज्या-पणज्यांबद्दल इतकं चुकीचं चित्र आदराच्या नावाखाली फिरत राहावं, हे मला सहन होत नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

निराधार विधवांपासून सुरुवात करू. यात अर्धं खरं आहे. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला तो विधवांसाठीच, आणि 1900 मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. पण बायकांचं ट्रेनिंग हिंगण्यापासून सुरू झालं नाही. इंग्रज समाजसुधारक मेरी कार्पेंटर 1866 साली हिंदुस्थानात आल्या आणि मुलींच्या शाळा चालायच्या तर आधी बायका शिक्षक तयार करा, असं त्यांनी सरकारला ठासून सांगितलं. पुण्यात 1870 साली सरकारी फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघालं. अशा कॉलेजांत यायला सरकार ज्यांना उत्तेजन देत होतं, त्यांत शाळामास्तरांच्या बायका होत्या. हिशेब साधा होता. नवरा-बायको दोघं ट्रेन्ड असतील तर एकाच गावात मुलांची आणि मुलींची शाळा चालेल, आणि बाईला परगावी एकटीने राहावं लागणार नाही. म्हणजे या पेशात अगदी सुरुवातीपासून सवाष्ण बायका होत्या. मिशनच्या शाळांतून आलेल्या ख्रिस्ती बायकाही होत्या. कर्व्यांनी 1907 साली महिला विद्यालय काढलं ते तर कुमारिकांसाठी. फोटोतल्या सगळ्यांना एका फटक्यात विधवा करून टाकणं, ही इतिहासाची सोय झाली.

आणि ज्या खरोखर विधवा होत्या, त्यांचं काय? त्यांच्याबाबतीत ‘दुसरा आधार नव्हता’ हे म्हणणं मला सर्वांत जास्त टोचतं. विधवेला आधार होता की. सासरच्या किंवा माहेरच्या चुलीपुढे आयुष्यभर जागा होती. सोवळ्याचा स्वयंपाक, बाळंतिणीची उस्तवार, कोणाच्या लग्नकार्यात समोर यायचं नाही आणि मागची सगळी कामं उरकायची. समाजाच्या लेखी हाच तिचा आधार. ट्रेनिंगला जाणं म्हणजे तो आधार स्वतःहून सोडणं. पार्वतीबाई आठवले देवरुखच्या. विसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी लहान मुलगा. विधवा बहीण शिकलेली, पुनर्विवाह केलेली, आणि तिच्यापायी सगळं घर गावाच्या तोंडी. ती बहीण म्हणजे गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदासदन या शाळेतली पहिली विधवा विद्यार्थिनी, 1893 साली कर्व्यांशी लग्न केल्यावर आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांची बाया. मुरुडला, कर्व्यांच्या गावी, त्यांच्यावर गावाने बहिष्कार टाकला होता. हे सगळं डोळ्यांसमोर घडलेलं असताना पार्वतीबाई पंचविशी उलटल्यावर पाटी घेऊन बसल्या. याला नाइलाज म्हणायचं असेल तर धाडस कशाला म्हणायचं?

शिवण-टिपण आणि ‘थोडं लिहिणं-वाचणं’ वाचताना मला माझं पहिलं सरावपाठाचं वर्ष आठवलं. आदल्या रात्री पाठ टाचण लिहायचं: उद्दिष्ट, पूर्वज्ञान, प्रस्तावनेचे प्रश्न, फळ्यावर काय लिहिणार, मूल्यमापन. सकाळी चौथीच्या वर्गात उभं राहायचं आणि शेवटच्या बाकावर मार्गदर्शक बाई वही उघडून बसलेल्या. प्रश्न पूर्ण होण्याआधी मुलाचं नाव घेतलं की तिथे खूण. मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहिलं की खूण. पाठ संपला की सगळ्यांसमोर चर्चा. पहिल्या पाठाला माझ्या हातातला खडू घामाने ओला झाला होता.

ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, तेव्हाच्या ट्रेनिंगचा कणा होती. कॉलेजला सरावासाठी जोडशाळा असे. फायनल, म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर परीक्षा, हा प्रवेशाचा रस्ता. पुढे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाचं ट्रेनिंग, आणि कोण किती वर्षांचं ट्रेन्ड यावर पगार. गणित, भूगोल, इतिहास, व्याकरण, शाळेची व्यवस्था, शिकवण्याची रीत. शिवण होतं, नाकारत नाही. मुलींच्या शाळेत तो विषय शिकवायचा असे, म्हणून शिकवणारीला तो येणं भाग होतं. पण एकोणिसाव्या वर्षी चाळीस मुलींपुढे उभं राहून, तपासनीसासमोर, त्रैराशिक समजावून सांगणं, हे ‘जोडीला थोडं’ या सदरात बसत नाही. ज्या बाईने तोवर चार परक्या माणसांसमोर तोंड उघडलेलं नाही तिच्यासाठी तर मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं, त्यामागे जपानमधल्या महिला विद्यापीठाची प्रेरणा होती, आणि बाईचं शिक्षण तिच्या संसाराला धरून असावं अशी त्यांची धारणा होती. त्यावर त्या वेळीही वाद झाले आणि आजही व्हायला हरकत नाही. पण 1917 साली त्यांनी अध्यापिकाशाळा काढली ती नोकरी करणाऱ्या बायका घडवण्यासाठी. संसाराचं शिक्षण वेगळं आणि पगाराचं शिक्षण वेगळं, हा फरक त्यांच्या कामातच दिसतो. मेसेज लिहिणाऱ्याला तो दिसलेला नाही.

‘थोर पुरुषांनी केलं’ याबद्दल सर्वांत जास्त बोलायला हवं. अण्णासाहेब कर्व्यांचं मोठेपण कमी करायचा प्रश्नच नाही. फर्ग्युसनमध्ये गणिताचे तास घेऊन हा माणूस पावसाळ्यात चिखल तुडवत हिंगण्याला चालत जात होता. पण संस्था रोज चालवतं कोण? कोठीघराचा हिशेब, आजारी मुलीची रात्र, नव्याने आलेल्या रडणाऱ्या विधवेची समजूत, गावोगाव फिरून जमवलेली वर्गणी? पार्वतीबाई आश्रमासाठी निधी मागत प्रांतभर फिरल्या. सभांतून बोलल्या. 1918 साली, अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम. तिथे पोटासाठी परक्यांच्या घरी घरकाम केलं, भाषा शिकल्या, आणि 1920 मध्ये परत येऊन पुन्हा संस्थेच्या कामाला लागल्या. पंचविशीनंतर बाराखडी पक्की करणारी देवरुखची एक बाई! महाराष्ट्रातल्या प्रत्येक डायटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, तिचा फोटो असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पुण्यातलं सेवासदन तर 1909 पासून रमाबाई रानड्यांच्या अध्यक्षतेखाली चाललं. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या बरोबरीने होते, पण घराघरांतल्या बायकांना बाहेर काढायचं काम रमाबाईंचं. सेवासदनाने मास्तरणी तयार केल्या, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला बायका पाठवल्या. नर्सिंग म्हणजे परपुरुषाच्या अंगाला हात लावणं, असं मानणाऱ्या पुण्यात! 1920 च्या सुमारास पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी फक्त मुलग्यांना द्यावं, मुलींचं पुढे पाहू, असा सूर निघाला, तेव्हा मुलींनाही सक्ती करा म्हणून शहरातल्या बायका रस्त्यावर आल्या. रमाबाई त्यात पुढे होत्या. मुलींना सक्ती झाली तर हजारो शिक्षिका लागणार, हे ट्रेनिंगच्या कामात असलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

त्याच्याही आधी, 1882 साली, सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. बायका शिक्षक ट्रेन्ड असाव्यात, मुलींच्या शाळा तपासायला बायकाच नेमाव्यात, अशी त्यांची मागणी होती. आणि त्यांनी तिथे स्पष्ट सांगितलं की शिकलेल्या पुरुषांपैकी शंभरात नव्व्याण्णव स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध आहेत, आणि बाईची मोहरीएवढी चूक दिसली तरी तिचा डोंगर करून ते तिचं चारित्र्य धुळीला मिळवतात. तेव्हा त्यांचं वय चोवीस. मागणी बाईची, युक्तिवाद बाईचा. मग बायका नुसत्या ‘लाभ घेणाऱ्या’ कशा?

उरलं ते हसतमुखाने सांभाळणं आणि कुरकुर नसणं. हे ज्याने लिहिलं त्याने त्या बायकांनी स्वतः लिहिलेलं एक पान उघडलेलं नाही. रमाबाई रानड्यांनी 1910 साली आपल्या आठवणी छापल्या. मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारं इंग्रजी निवेदन त्यांनी गव्हर्नरांसमोर वाचलं, आणि घरी आल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना काय काय ऐकवलं, ते त्यात आहे. पार्वतीबाईंनीही आत्मचरित्र लिहिलं. केशवपनाचं दुःख, मुलाची ताटातूट, लोकांची बोलणी, काही लपवलेलं नाही. तक्रार होती आणि ती त्यांनी नाव घालून छापली होती. आपण ती वाचली नाही. शिवाय घर आणि शाळा दोन्ही सांभाळणारी बाई हे चित्र त्या काळावर लादलेलं आहे. हिंगण्याच्या कितीतरी जणींना सांभाळायला घरच उरलं नव्हतं. वसतिगृह हेच त्यांचं घर होतं.

मेसेजमध्ये जे नाही, तेही सांगायला हवं. हिंगण्याचं दार सगळ्या बायकांना उघडं नव्हतं. विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपली बहीण जनाक्का हिला आश्रमात घ्या म्हणून विचारलं, तेव्हा ती ब्राह्मण नाही म्हणून तिला प्रवेश मिळाला नाही. देणगीदार हात आखडतील ही भीती होती. जनाक्का पुढे पुण्यातल्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत शिकली आणि भावाबरोबर अस्पृश्यांच्या शिक्षणाच्या कामात उतरली. पण भीतीचं कारण समजलं म्हणून बंद दार उघडं होत नाही.

नागपूरकडे पाहा. जाईबाई चौधरी महार घरातल्या. ओझी वाहून पोट भरता भरता एका मिशनरी बाईच्या मदतीने शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिकवायला लागल्या. बाईंची जात कळली तशी सवर्ण पालकांनी मुलं काढून घेतली, आणि नोकरी गेली. शिकवता येतं की नाही, हे कोणी विचारलं नाही. 1922 साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी स्वतःची शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचं नाव दिलं. पुढच्या 3 जानेवारीला मी ग्रुपवर जाईबाईंचीच माहिती टाकणार आहे.