‘भुकेला एजंटच विकतो’ म्हणणाऱ्यांसाठी

काल रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज, "मामा हे बघा, एकदम पटलं." खाली तो सगळीकडे फिरणारा फॉरवर्ड, इन्शुरन्स एजन्सीसाठी पहिला सेल्स एजंट घेताना पाळायचे 5 सोनेरी नियम. दोन ग्रुपवर आधीच आला होता, तेव्हा दुर्लक्ष केलं. पण ज्याची एजन्सी आत्ता कुठे जरा पायावर उभी राहतीये आणि जो खरंच पुढच्या आठवड्यात पहिला माणूस घेणार आहे तोच म्हणतोय पटलं, म्हणून बसलो लिहायला.

नियम थोडक्यात असे. 1) पगार देऊ नका, फक्त कमिशन, भुकेलाच विकतो. 2) दुसऱ्या एजन्सीतून स्वतःचे क्लायंट घेऊन येणारा घ्या. 3) बोलण्यात पटाईत हवा. 4) लायसन्सचं नंतर बघा, आधी कामाला लावा. 5) तो आला की तुम्ही विक्रीतून बाहेर पडा.

चौथा आधी घेतो कारण त्यावर बोलण्यासारखं फार नाहीच. लायसन्स नसलेल्याने पॉलिसी विकणं जवळजवळ सगळीकडे बेकायदा आहे आणि सापडला तर तुम्हालाही घेऊन बुडतो. झालं.

आता पहिला. पहिला फोन आणि हातात कमिशन यात किती वेळ जातो हे लिहिणाऱ्याला माहीतच नसावं. समोरचा आधी घरी विचारतो म्हणतो, मग फॉर्म, मग मेडिकल, मग अंडररायटिंग म्हणजे कंपनीची जोखमीची तपासणी, मग कुठे पॉलिसी निघते, आणि फ्री लूकमध्ये, म्हणजे पॉलिसी हातात आल्यावर ती परत करायला मिळणाऱ्या थोड्या दिवसांत, त्याने परत केली तर आलेलं कमिशनपण परत. जुना एजंट निदान रिन्युअलवर, म्हणजे जुन्या पॉलिसींच्या पुढच्या हप्त्यांवरच्या कमिशनवर, तग धरतो, नव्याकडे एकही रिन्युअल नसतं, त्याचे सुरुवातीचे महिने कोरडेच जातात. असा भुकेला माणूस काय करतो? ज्यात कमिशन जास्त ती पॉलिसी गळ्यात मारतो आणि केस अडकू नये म्हणून फॉर्ममध्ये नको ते करतो.

हे पुस्तकातलं नाही सांगत. माझा स्वतःचा पहिला एजंट निव्वळ कमिशनवर होता, आणि मला वाटायचं काय हुशारी केली, एक पैसा रिस्क नाही. दोन वर्षांनी एक बाई फाइल घेऊन टेबलासमोर बसल्या. नवरा गेलेला, क्लेम नाकारलेला. फॉर्म उघडला तर आजारांच्या पानावर वरपासून खालपर्यंत सगळीकडे ‘नाही’वर टिक, एका दमात मारल्यासारख्या, शेवटच्या दोन तर चौकटीच्या बाहेर. खाली सही नवऱ्याची. डायबेटिस जुना होता. बाई म्हणाल्या, "आम्ही सांगितलं होतं हो त्यांना, ते म्हणाले हे लिहायची गरज नाही." तो एजंट केव्हाच सोडून गेलेला, बोर्डावर नाव माझं.

आणि हे सोडून जाणं काही माझ्यापुरतं नाही. 1964 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मेयर आणि ग्रीनबर्ग यांनी अमेरिकेतल्या विमा एजंटांबद्दल लिहिलं होतं की पहिल्याच वर्षात साधारण 50 टक्के गळतात आणि तीन वर्षांत 80 टक्के, आणि हे आकडे 35 वर्षं संशोधन नि पैसा ओतूनही जागचे हलले नव्हते. लेख जुना आहे, मान्य. पण पाचातले चार जाणारच असतील तर ते मागे काय ठेवून जातात हा प्रश्न मालकाने विचारायला नको का?

बरं, नुसता पगार दिला तर माणूस सुस्तावतो यात तथ्य आहे, तेवढं देतो फॉरवर्डवाल्याला. म्हणून पहिले सहा महिने घर चालेल इतका फिक्स, नंतर तो हळूहळू कमी आणि कमिशन जास्त, आणि त्यातला एक भाग 13व्या महिन्याच्या पर्सिस्टन्सीला बांधलेला, म्हणजे पॉलिसी वर्षानंतर चालू राहिली तरच मिळणार. एवढी एक अट घातली की गळ्यात मारणं आपोआप कमी होतं.

दुसरा नियम तर गंमतच. जो जुन्या मालकाचे क्लायंट उचलून तुमच्याकडे आला तो जाताना तुमचे सोडून जाईल काय? बहुतेक वेळा करारात क्लायंट जुन्या एजन्सीचेच असतात, ती कटकट वेगळीच. वर तो त्यांच्या चालू पॉलिसी मोडून नव्या काढायला लावणार, ग्राहकाचं सरेंडरमध्ये, म्हणजे मुदतीआधी मोडण्यात, नुकसान, आणि वेटिंग पिरियड, म्हणजे काही आजारांचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याची भीती.

बोलण्यात पटाईत? मेयर-ग्रीनबर्गच्या त्याच लेखात दोनच गोष्टी महत्त्वाच्या धरल्यात, समोरच्याच्या मनात काय चाललंय हे कळणं आणि विकायची आतली खुमखुमी, अनुभवाला त्यांनी फार भाव दिलेला नाही. इंटरव्ह्यूमध्ये मी हल्ली एवढंच करतो, म्हणतो मी हप्ता थकवलेला ग्राहक आहे, कर फोन. पटाईत असतो तो लगेच फायदे सांगायला लागतो. कामाचा असतो तो आधी विचारतो, "का थकला हो, काही अडचण आहे का?"

राहिला पाचवा. मालकाने कधीतरी बाहेर पडायला हवं हे खरंय, पण पहिल्या दिवशी नाही, आधी पंधरा-वीस मीटिंगांना त्याला शेजारी बसवा आणि सुरुवातीचे सगळे फॉर्म स्वतः तपासा, विशेषतः ते आजारांचं पान.

हे सगळं भाच्याला सकाळी फोनवर सांगितलं. त्याने जाहिरातीतली ‘अनलिमिटेड कमाई’ ही ओळ काढलीये. ‘स्वतःचं क्लायंट नेटवर्क असल्यास प्राधान्य’ अजून तशीच आहे, संध्याकाळी परत फोन करतो.