जठराच्या कर्करोगाचा ‘ठरलेला’ रुग्ण

‘जठराचा कर्करोग हा तिखट खाणाऱ्या, दारू पिणाऱ्या, साठी उलटलेल्या पुरुषांचा आजार आहे; पोटात असह्य वेदना नसतील आणि ॲसिडिटीच्या गोळीने बरे वाटत असेल, तर काळजीचे कारण नाही,’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरत असतो. त्यातला काही भाग खरा आहे आणि त्यामुळेच उरलेला भागही सहज पटतो.

पुरुषांविषयीचे विधान आकडेवारीला धरून आहे. २०२२ मध्ये जगभरात सुमारे ९.७ लाख नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे आणि त्यांत पुरुष स्त्रियांच्या जवळपास दुप्पट होते. म्हणजेच साधारण दर तीन रुग्णांमागे एक स्त्री होती, हे मात्र मजकूर सांगत नाही. वयाचेही तसेच आहे. अमेरिकेत निदानाच्या वेळचे मध्यवर्ती वय ६८ च्या आसपास असले, तरी भारतातील रुग्णालयांत येणारे बरेच रुग्ण पन्नाशीतले, काही त्याहूनही तरुण असतात. फिनलंडचे रोगतज्ज्ञ पेक्का लॉरेन यांनी १९६५ साली या कर्करोगाचे जे दोन मुख्य प्रकार सांगितले, त्यांपैकी ‘डिफ्यूज’ (ज्यात कर्करोगाच्या पेशी गाठ न करता विखरून पसरतात) प्रकार तुलनेने तरुणांत दिसतो आणि त्यात स्त्री-पुरुष हा फरकही बराच कमी होतो.

तिखटाला मुख्य आरोपी ठरवण्याइतका पुरावा नाही. मिरचीवरील अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. याउलट हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच पहिल्या गटातील, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे पक्के सिद्ध झालेला, कर्करोगकारक ठरवले. त्याच्या जोडीला धूम्रपान आणि खारवून टिकवलेले अन्न येते. दारूबाबत मजकूर अंशतः बरोबर आहे, कारण अतिमद्यपानाने धोका वाढतो. पण दारूला कधीही न शिवलेले रुग्णही असतात. भारतात या कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण मिझोराममध्ये नोंदले जाते, आणि तेथील संशोधनात चर्चा मिरचीपेक्षा धुरावलेल्या मांसाची व तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेल्या ‘तुइबुर’ची अधिक झाली आहे.

सर्वांत घातक दावा गोळीचा आहे. पॅन्टोप्रॅझोलसारख्या औषधाने आम्ल कमी होते, जळजळ थांबते आणि कर्करोगाचा व्रणही वरवर भरल्यासारखा दिसू शकतो, म्हणून संशयास्पद व्रणाचा तुकडा काढून तपासावाच लागतो. वेदना तर सुरुवातीला बहुधा नसतेच. चार घासांत पोट भरणे, वजन उतरणे, अन्न गिळताना अडणे, उलट्या होणे किंवा हिमोग्लोबिन घटणे, यांपैकी काही दिसले तर वय न पाहता एंडोस्कोपीचा (तोंडावाटे दुर्बीण घालून जठर आतून पाहण्याचा) विचार व्हायला हवा. यात एक अडचण अशी, की रक्तक्षयासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळे होते, त्यामुळे जठरातील रक्तस्रावाने येणारा काळेपणा त्या रंगाआड सहज दडतो.

दक्षिण कोरियात चाळिशीपुढील नागरिकांना दर दोन वर्षांनी जठराची तपासणी उपलब्ध असते, म्हणून तिथे तक्रार नसलेल्यांतही हा रोग लवकर सापडतो. भारतात अशी सार्वत्रिक तपासणी नाही. इथे निदानाची सुरुवात बहुतेक वेळा रुग्ण तक्रार घेऊन दवाखान्यात येतो तेव्हाच होते, आणि हा मजकूर त्याला नेमके तिथे जाण्यापासूनच रोखतो.