आधी यादी द्या, मग टाळ्या घ्या!
माद्रिदमध्ये कंपन्यांच्या पुरस्कार सोहळ्यांत पडद्यामागे राबून डोकं फिरायची वेळ आलीये. विजेत्यांची अंतिम यादी कधी मिळते? पाहुणे खुर्च्यांत बसत असताना! स्पॅनिश माणसाला दोन आडनावं, एक वडिलांचं, एक आईचं. घाईत आईचं गळलं, स्पॅनिश 'ñ' अक्षरावरची नागमोडी रेघ उडाली, की बोलणी कोणाला? पडद्यावर नावं चढवणाऱ्या पोरीला.

मग साहेबांचं भाषण. ठरलेली वेळ संपली, समोरचं घड्याळ लाल होऊन लुकलुकतंय, तरी आभार चालूच! सगळ्यांचे, फक्त केबल ओढणाऱ्यांचे नाहीत. मेट्रो रात्री दीडला बंद होते. सामान आवरेपर्यंत ती गेलेली असते, मग सिबेलेस चौकात रात्रीच्या बससाठी कुडकुडत उभं राहायचं. पोटात काय, तर एक गार बोकादियो, म्हणजे लांब पावाचं सँडविच. यादी आदल्या दिवशी द्यायला यांचं काय जातं?