साडेतीन पाकिटांचं बायबल

माझ्या भाचीला प्रश्न पडतात. पावसासारखे पडतात असं म्हणणार होतो, पण आमच्या मोर्शी तालुक्यात पाऊस इतका भरवशाचा नाही.

वय वर्षं बारा. मागच्या नाताळाच्या आधी संडे स्कूलमध्ये नोहाचं तारू शिकवलं. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच, प्रत्येक प्राण्याची जोडी आत. पोट्टी घरी न जाता थेट माझ्या कृषी केंद्रात आली, काउंटरवर हनुवटी टेकवली आणि विचारलं, "मामा, तारवात बोंडअळीची जोडी होती का?"

मी म्हटलं, सगळेच होते म्हणजे असेल.

"मंग नोहानं तेवढी काहून नाई बुडवली?"

त्या वेळी दुकानात दोन गिऱ्हाइकं फवारणीचं औषध घ्यायला उभी होती. बोंडअळी बुडाली असती तर तुझ्या मामाचं अर्धं दुकान तिच्यासोबत बुडालं असतं, हे लेकराला कसं सांगायचं?

संध्याकाळी बहिणीचा फोन. "दादा, हिले टिपावालं बायबल आणून दे बापा. खाली बारीक अक्षरात सारं समजावून सांगतलं रायते, थे. माह्यं डोकं खाऊन राह्यली."

मला वाटलं, त्यात काय. वीस वर्षं लोकांना बियाणं निवडून देतो आहे, एक पुस्तक निवडता येणार नाही? पण बियाण्याच्या बाबतीत फक्त शेतकरी भांडतो. बायबलच्या बाबतीत घरातले सगळेच.

आईचं म्हणणं, टिपाबिपा काही नको, पंडिता रमाबाईंचं भाषांतर दे. "बाई हिब्रू शिकल्या, ग्रीक शिकल्या, मंग एकेक शब्द मराठीत आणला. केडगावच्या बायकाईनं स्वतः छापलं." आईच्या सांगण्यात नेहमीच थोडं मीठमसाला असतो, पण हे शब्दशः खरं आहे. ते बायबल १९२४ साली निघालं आणि बाई १९२२ सालीच गेल्या. मी म्हटलं, आई, पण पोरीला अर्थ समजावून सांगणारं पाहिजे. "काहून? बाईले हिब्रू समजलं, हिले मराठी नाई समजत?" यावर मी गप्प बसलो. आणि निघताना वर, "सहासष्ट पुस्तकं मोजून घेजो. कॅथलिक लोकाईचं त्र्याहत्तरचं रायते, चुकून थे आणशीन." जणू गठ्ठ्यात पेंढ्या मोजून घ्यायच्या होत्या.

पाद्रीसाहेबांना सलाम करून सल्ला विचारला. ते म्हणाले, टिपा कोणी लिहिल्या ते आधी बघा. वचन देवाचं, टीप माणसाची. उदाहरण म्हणून त्यांनी आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकात या गृहस्थांनी हिशेब मांडून जगाची उत्पत्ती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली असं ठरवलं, आणि पुढे कितीतरी इंग्रजी बायबलांच्या समासात ते वर्ष छापून येत राहिलं. नुसतं वर्ष नाही, अशरसाहेबांनी तारीखही काढली होती, २३ ऑक्टोबर. भाची माझ्या शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे हरभऱ्याच्या पेरणीच्या टायमाले." पाद्रीसाहेबांनी चहा मागवला.

मग एका शनिवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं एसटीने नागपूरला. पुस्तकांच्या दुकानातल्या बाईंनी बारा वर्षांची मुलगी म्हटल्याबरोबर एक गुलाबी बायबल पुढे केलं. इंग्रजी, खास मुलींसाठी. फुलाफुलांचं कव्हर, चेन, चेनला लोंबणारं फुलपाखरू. आत मधूनमधून रंगीत पानं, त्यांवर मैत्रिणीशी भांडण झालं तर काय करावं, आरशात बघून वाईट वाटलं तर काय करावं. पोरगी सेमी इंग्लिशची, तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, झालं काम, दोनची गाडी मिळते.

तिने रूथचं पुस्तक काढलं होतं. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते ती गोष्ट. खाली टीप होती. पीक कापल्यावर शेतात सांडलेली कणसं गोळा करण्याची ही एक प्राचीन प्रथा, असं चारपाच ओळींत नीट समजावलं होतं.

"प्राचीन?" पोरीने माझ्याकडे पाहिलं. "आजी तं आताच दिवाळीत गेली होती सोयाबीनच्या सरव्याले."

मग पुढची टीप. रूथने दिवसभरात एफाभर सातू जमवले. एफा म्हणजे सुमारे १३ किलो. पोरगी थांबली. ओठ हलवत काहीतरी हिशेब केला. "एका दिवसात तेरा किलो सरवा? आजीले दोन किलो नाई भेटत. मामा, त्या बवाजनं मुद्दाम सोडला असन."

मी मागची ओळ शोधली. खरंच, बवाजाने गड्यांना सांगितलेलं आहे की पेंढ्यांतलं थोडं तिच्यासाठी मुद्दाम टाकत जा. आणि टीपवाल्याने याविषयी अक्षर काढलेलं नव्हतं. त्याची सगळी शाई एफा मोजण्यात गेली होती. गुलाबी बायबल फुलपाखरासकट परत कपाटात गेलं. दोनची गाडीही.

मग बाईंनी मराठीतलं अभ्यासाचं बायबल काढलं. काळं, जाड, शेवटी नकाशे. एवढ्या गठ्ठ्यात चांगलं-वाईट कसं ओळखायचं? मी धंद्यातली युक्ती केली. पोतं सगळं उकरत नाहीत, मूठभर काढून पाहतात, आणि तीही आपल्याला कळतं त्यातली. मत्तय, तेरावा अध्याय, पेरणाऱ्याचा दाखला. काही बी वाटेवर पडलं, पाखरांनी खाल्लं. काही खडकाळ जागी, उन्हाने करपलं. काही काटेरी झुडपांत, खुंटलं. काही चांगल्या जमिनीत, त्याचं शंभरपट, साठपट, तीसपट पीक आलं. आणि खाली टीप, तिचा मथितार्थ असा की बी चारही ठिकाणी एकच होतं, फरक जमिनीचा.

मी ती ओळ तीनदा वाचली. माझा ऊर भरून आला. वीस वर्षं मी हेच सांगतो आहे! दर जुलैत बी उगवलं नाही म्हणून शेतकरी रिकामं पाकीट माझ्या काउंटरवर आपटतो, आणि मी कळवळून सांगतो की भाऊ, बी चांगलं होतं, जमिनीत ओल नव्हती. त्यावर मला जे ऐकावं लागतं ते पवित्र शास्त्राच्या लेखात लिहिता येणार नाही. आणि इथे ते छापलेलं, काळ्या कव्हरात, सोनेरी कडांच्या पानांवर. किंमतही विचारली नाही. सहासष्ट पुस्तकं मोजायचीही राहिली.

घरी आल्यावर आधी दुकानाच्या काट्यावर ठेवलं. एक किलो सहाशे साठ ग्रॅम. बीटी कपाशीची जवळजवळ साडेतीन पाकिटं. आईने हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "लेकराच्या मनगटाचा इचार केला का?" त्यामुळे बायबल आता दुकानातच असतं. पोरगी शाळा सुटल्यावर येते, युरियाच्या पोत्यावर बसते, मांडीवर उघडते आणि पेन्सिल घेऊन समासात काहीबाही लिहिते.

परवा एक शेतकरी रिकामं पाकीट घेऊन आलाच. मी म्हटलं, थांबा भाऊ, आज तुम्हाला वचनातूनच दाखवतो. पोरीच्या मांडीवरून बायबल उचललं, मत्तय तेरा काढलं आणि काउंटरवर त्याच्यासमोर फिरवून ठेवलं. त्याने दाखला वाचला नाही. त्याने समासात पेन्सिलीने लिहिलेलं वाचलं, मोठ्याने, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"शंभरपट झालं म्हणते. मंग हे बी मामाच्या दुकानातलं नसन."